एकच शार्दोने, सहा वर्षं आणि एक फसलेली बाटली



मागच्या व्याख्यानानंतर एका काकूंनी मला गाठून विचारलं होतं, "वाइनच्या बाटलीवर साल छापतात, ते औषधाच्या बाटलीवर छापतात तसंच ना? कधी बनवलं एवढंच?" तेव्हा दिवे घालवायची वेळ झाली होती, त्यामुळे उत्तर राहून गेलं. आज त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते वर्ष. आपण हापूसबद्दल म्हणतो ना, "यंदा आंब्याला चवच नाही"? झाड तेच, मालक तोच, पण वर्ष वेगळं. फरक इतकाच की मागच्या वर्षीचा आंबा आज समोर ठेवून तुलना करता येत नाही. वाइनमध्ये ते जमतं. एकाच उत्पादकाची, एकाच जमिनीवरची वाइन, वेगवेगळ्या वर्षांची, एका टेबलावर ओळीने मांडायची, याला उभी चाखणी म्हणतात. एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या वाइन मांडल्या तर ती आडवी. आडव्या चाखणीत माणूस आणि जमीन कळते, उभ्या चाखणीत वर्ष कळतं. निदान कळावं अशी अपेक्षा असते. ती कशी फसते, तेच आज सांगायचंय.

आमचा एक जुना मित्र नोकरीनिमित्त पॅरिसला स्थायिक झाला. तिथून आग्नेयेला साधारण १८० किलोमीटरवर शाब्ली नावाचं गाव आहे. बर्गंडीचा हा अगदी उत्तरेकडचा तुकडा, सेरँ नदीच्या दोन्ही अंगांना चढत गेलेले मळे. शाब्ली या नावाने विकली जाणारी वाइन फक्त शार्दोने द्राक्षाचीच असते. १९९९ साली डीएनए तपासून सिद्ध झालं की शार्दोने हे पिनो आणि गुए ब्लां या दोन जातींचं लेकरू. पिनो खानदानी, तर गुए अगदी सामान्य, शेतकऱ्यांच्या रोजच्या पिण्यातलं. (हशा) शाब्लीच्या चांगल्या उतारांवरची माती चुनखडीमिश्रित आहे, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात बारीक शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात.

आमचा मित्र दरवर्षी गाडी काढून तिथे जायचा आणि एकाच कुटुंबाकडून, एकाच उताराची, थोड्या बाटल्या घेऊन यायचा. ते कुटुंब ही वाइन स्टीलच्या टाकीत करतं, लाकडी पिंपात नाही. हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं. पिंप आलं की पिंपाची चव आली आणि मग वर्षाचा आवाज दबतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहाजण त्याच्याकडे जमलो. सहा वर्षं निवडली होती: २०१०, २०१४, २०१६, २०१८, २०२० आणि २०२१. आमच्यातल्या डॉक्टर वहिनींनी नियम घालून दिले. बाटल्यांवर कागद गुंडाळायचा आणि फक्त आकडा लिहायचा. सगळे ग्लास एकसारखे. वाइन फार गार नको, साधारण १२ अंश, कारण बर्फासारखी गार केली की वास मरतो. थुंकायला भांडं हवं. आणि सगळ्यात कडक नियम, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. चारचौघांत ज्याचा आवाज मोठा, त्याची चव खरी ठरते. हा अनुभव तुम्हालाही असेल, फक्त तुमच्याकडे विषय बासुंदी असेल. (हशा)

शब्द मात्र आपापले वापरायचे. इंग्रजी पुस्तकातली फळं आपण लहानपणी खाल्लेलीच नसतात, मग ती वाइनमध्ये सापडणार कुठून? त्यामुळे आमच्या वह्यांत कैरी, आवळा, लिंबाची साल असलेच शब्द निघाले. एकीने लिहिलं होतं, "ओल्या पाटीचा वास." शाब्लीला याहून नेमका शब्द मी आजवर वाचलेला नाही.

कागद काढले तेव्हा काय दिसलं? २०२१ म्हणजे सरळ कैरी. जीभ आकसेल असं आंबट, हलकं, स्वच्छ. २०१८ मऊ, पिकलेल्या पेअरसारखं, खरबुजाकडे झुकणारं. असं का होतं ते बघा. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. उन्हाळा तापला की पिकणारा मणी श्वसनात मॅलिक आम्ल जाळून टाकतो. टार्टारिक त्यामानाने टिकून राहतं. त्याच वेळी साखर वाढत असते. म्हणून तापलेल्या वर्षाची वाइन गोलसर आणि गार वर्षाची धारदार. २०१८ उष्ण होतं, २०२१ गार आणि पावसाचं.

पण गंमत अशी की २०२० सुद्धा उष्ण आणि कोरडं वर्ष, तरी त्या ग्लासात धार होती. त्या वर्षी तोडणी ऑगस्टअखेरीलाच सुरू झाली होती. म्हणजे ऊन किती पडलं एवढ्यावर भागत नाही, माणसाने कात्री कधी उचलली हेही चवीत उतरतं.

२०१६ आणि २०२१ या दोन्ही वर्षी एप्रिलमध्ये शाब्लीवर दंव गोठलं. शार्दोनेचे डोळे लवकर फुटतात, आणि कोवळा कोंब एका रात्रीत काळा पडतो. शेतकरी रात्रभर मळ्यात मोठ्या मेणाच्या शेगड्या पेटवतात. काही ठिकाणी तर कोंबांवर पाणी फवारतात! ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि फवारा अखंड चालू राहिला तर बर्फाच्या आवरणातला कोंब शून्याच्या आसपास टिकून राहतो. आपल्या निफाडकडे थंडीच्या लाटेत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, ते चित्र डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच, की निफाडला थंडी गाठते वेलीवरच्या घडांना, शाब्लीत नुकत्या फुटलेल्या डोळ्यांना. दंवाने पीक मात्र कमी येतं, उरलेल्या द्राक्षांची चव बिघडतेच असं नाही. आमच्या चाखणीत २०१६ ला दोघांनी पहिला नंबर दिला होता.

आता येतो २०१० वर. मित्राची मुलगी २०१० ची. त्या वर्षाच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. एक आजसाठी, दुसरी तिच्या अठराव्या वाढदिवसासाठी. ग्लासात ओतल्याबरोबर रंग खटकला, चहासारखा. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. सहापैकी पाच वह्यांत एकच निष्कर्ष: "वर्ष खराब", नाहीतर "फार जुनी झाली." कागद काढला आणि मित्राचा चेहरा पडला.

पण २०१० हे शाब्लीत चांगल्या वर्षांत गणलं जातं. शिवाय चांगल्या उताराची शाब्ली १४ वर्षं सहज टिकते. मग काय झालं? बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनमध्ये १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बाटल्यांत हा दोष बराच दिसू लागला. वाइन वेळेआधीच हवेने उतरते. बुचातून आत जाणारी हवा, सल्फर डायऑक्साइडचं कमी प्रमाण, रस काढण्याच्या बदललेल्या पद्धती, अशी अनेक कारणं सांगतात. खूण अशी, की एकाच खोक्यातली एक बाटली जाते आणि शेजारची ठणठणीत असते.

डॉक्टर वहिनी म्हणाल्या, "एका रुग्णावरून साथ ठरवत नाहीत." मित्र बराच वेळ गप्प बसला. मग उठला आणि दुसरी बाटली घेऊन आला. आम्ही नको म्हणत होतो. तो म्हणाला, "हीसुद्धा गेली असेल तर चार वर्षं काय सांभाळायचं? आणि चांगली असेल तर आज तुम्ही सगळे आहात." मुलीला बोलावलं, बूच तिच्याच हातून काढलं. तिने वास घेतला आणि म्हणाली, "ही वेगळी आहे." रंग सोनेरी, मध, भाजलेले बदाम, आणि खाली तीच ओली पाटी. त्या रात्रीची सगळ्यात चांगली वाइन तीच होती.

काकू, आता तुमचं उत्तर. ग्लासात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: वर्ष कसं गेलं, वाइनचं वय किती, आणि ही विशिष्ट बाटली कशी निघाली. साल फक्त पहिली गोष्ट सांगतं. दुसरी आपण मोजू शकतो. तिसरीसाठी दुसरी बाटली उघडावी लागते.

हाच न्याय मोठ्या प्रश्नालाही लावा. आमच्या सहा बाटल्यांवरून हवामान बदललं असं मी म्हणणार नाही. त्याला लांब नोंद लागते. बर्गंडीतच दक्षिणेकडे बोन गावच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत. २०१९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू व्हायची, १९८८ नंतर ती सरासरी १३ दिवस अलीकडे आली. साडेसहाशेहून जास्त वर्षांच्या वह्या हे सांगतात, तेव्हा ते मान्य करावं लागतं. ती कैरीची धार पुढच्या वर्षांत किती वेळा मिळेल, हा प्रश्न शाब्लीतला शेतकरी आज रोज स्वतःला विचारतो.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर तीन वर्षं पुरेत. कागद गुंडाळा, वह्या द्या, मोठ्या आवाजाच्या माणसाला शेवटी बोलू द्या. आणि जमलं तर सगळ्यात जुन्या वर्षाच्या दोन बाटल्या ठेवा.

मित्राच्या मुलीसाठी आता २०१० ची बाटली उरलेली नाही. तिने रिकामी बाटली मात्र धुऊन आपल्या टेबलावर ठेवली आहे.

आता प्रश्न घेऊ.