केळे : खा, पण समजून खा

रमजानमध्ये अस्रची नमाज झाली की आमच्या घरात फळे चिरायला बसतात. कलिंगड, पपई, सफरचंद रोज असेलच असे नाही. केळी मात्र असतातच. सफरचंदाचा भाव ऐकून हात आखडता घ्यावा लागतो, पण डझनभर केळ्यांत सगळ्या घराचा फ्रूट चाट होतो. बिया काढायच्या नाहीत, धुवायची फारशी कटकट नाही, आणि दात न आलेल्या बाळापासून दात पडलेल्या दादीपर्यंत सगळ्यांना खाता येते.

सूरह वाकिआमध्ये जन्नतच्या वर्णनात 'तल्ह' हा शब्द आला आहे. अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ एकावर एक थर लागलेली केळी असा घेतला आहे. अशी ही नेमत. पण नेमत कोणाला किती मानवते, हे समजून घेणे आपले काम आहे. आम्ही ते जरा उशिराच शिकलो.

अम्मींच्या पायात गोळे

आमच्या अम्मींना अनेक वर्षांपासून रक्तदाब आणि मधुमेह आहे. मागच्या काही वर्षांत मूत्रपिंडाचे कामही मंदावले. एका हिवाळ्यात रात्री त्यांच्या पायात गोळे येऊ लागले. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितले, "केळी द्या, शहाळे द्या, आठवड्यात बरे वाटेल." आम्हालाही ते पटले. फळच तर आहे, औषध थोडेच! सकाळी दोन केळी, दुपारी शहाळ्याचे पाणी, रात्री पुन्हा एक केळे. अम्मी "पुरे आता" म्हणायच्या, आम्ही लाडाने आणखी एक सोलून हातात द्यायचो.

काही दिवसांनी नेहमीच्या तपासणीत रक्तातले पोटॅशियम बरेच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, केळी आणि शहाळे बंद केले, एक गोळी बदलली. अल्हम्दुलिल्लाह, पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. पण त्या दिवशी डॉक्टर जे म्हणाले ते आम्ही विसरलो नाही : पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही त्रास जाणवेलच असे नाही. आम्ही ज्याला सेवा समजत होतो, त्यातूनच अम्मींच्या जिवाला धोका होता.

केळ्यात असते तरी काय?

मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे 105 कॅलरी, 27 ग्रॅम कर्बोदके, 3 ग्रॅम तंतू आणि 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. ब-6 जीवनसत्त्वही चांगल्या प्रमाणात मिळते. क जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम थोडे थोडे. चरबी आणि सोडियम जवळजवळ नाहीच.

निरोगी माणसाला हे पोटॅशियम फार उपयोगाचे. मिठातले सोडियम रक्तदाब वाढवते. पोटॅशियम ते लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते आणि रक्तवाहिन्यांचा ताण कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला किमान 3,510 मिलिग्रॅम पोटॅशियम जावे. म्हणजे एका केळ्याने आठव्या हिश्शाच्या आसपास गरज भागते. बाकीचे डाळी, पालेभाज्या, दही, बटाटा यांतून येते. मात्र समोसे, भजी आणि पापड भरपूर खाऊन वर एक केळे खाल्ले म्हणजे मिठाचा हिशेब फिटला, असे होत नाही.

लहान मुले आणि आजारी माणसे

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचे अन्न सुरू करताना चांगले पिकलेले केळे चमच्याने कुस्करून देता येते. त्यात साखर किंवा मीठ घालू नये. मध गुणकारी असला तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो मुळीच चाटवू नये. त्यातून एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. अशा वेळी ओआरएस हाच पहिला उपाय. त्याच्या जोडीला कुस्करलेले केळे दिले तर पोटॅशियम भरून यायला मदत होते. ढाक्यात लांबलेल्या जुलाबाच्या लहान मुलांना भातासोबत शिजवलेले कच्चे केळे देऊन पाहिले, तेव्हा जुलाब लवकर आटोक्यात आले. 2001 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कच्च्या केळ्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंचे अन्न बनतो. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी अधूनमधून घरात व्हायला हवी.

काही समज, काही गैरसमज

"केळे खाल्ले की सर्दी होते" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. सर्दी विषाणूमुळे होते, केळ्याने नाही.

"केळ्याने रक्त वाढते" हेही खरे नाही. केळ्यात लोह फारच कमी असते. मुलीचे किंवा सुनेचे हिमोग्लोबिन कमी असेल तर केळ्यांवर विसंबू नका. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, कलेजी, खिमा, पालेभाज्या आणि वर लिंबू, हा खरा मार्ग.

"मधुमेहींनी केळ्याला हातही लावू नये" असेही नाही. केळे जसे पिकते तशी त्यातल्या स्टार्चची साखर होते. म्हणून काळे डाग पडलेल्या केळ्यापेक्षा थोडे घट्ट, पिवळे केळे बरे. अर्धे किंवा एक लहान वेलची केळे पुरे. इफ्तारला खजूर, सरबत आणि केळी तिन्ही एकदम घेऊ नयेत. खजूर घेतला असेल तर केळे थोडे उशिरा, जेवणाच्या हिशेबात धरून घ्यावे.

कोणी आधी विचारावे?

ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांनी केळे, शहाळे आणि सुकामेवा किती घ्यावा हे डॉक्टरांनाच विचारावे. रक्तदाब आणि हृदयाच्या काही गोळ्या, जसे रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, रक्तातले पोटॅशियम वाढवू शकतात. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असते. अशी गोळी चालू असेल तर घाबरून ती आपल्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत रक्ताची तपासणी आणि रोजचे खाणे, दोन्हींबद्दल विचारा.

घेताना पाहून घ्या

भारत जगात सर्वाधिक केळी पिकवणारा देश आहे, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल भागातली केळी दूरवर जातात. जळगावच्या केळ्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसईकडची राजेळी आणि तिची वाळवलेली सुकेळीही नावाजलेली. फळे कार्बाइडने पिकवण्यास आपल्याकडे बंदी आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणात इथिलीन वायू वापरून पिकवण्यास परवानगी आहे. विश्वासातल्या फळवाल्याकडून थोडी हिरवट फणी आणावी, घरीच पिकू द्यावी. जास्त पिकलेली फेकू नयेत. सोलून तुकडे फ्रीजरमध्ये ठेवावेत, दुधात घालून मुलांना देता येतात.

आमच्या घरी आजही इफ्तारला केळी असतात. मुलांना एकेक, आम्हाला एकेक. अम्मींची वाटी वेगळी भरतो; त्यात सफरचंद आणि पेरूच्या चार फोडी असतात, त्याही डॉक्टरांना विचारून. परवा त्या हसून म्हणाल्या, "आधी जबरदस्तीने खाऊ घालत होता, आता दाखवतसुद्धा नाही!" त्यांचे ते हसणे ऐकून आम्ही मनोमन शुक्र अदा केला.

इसराफ हलाल अन्नातही नको. शरीर ही अमानत आहे. प्रत्येकाच्या वाटीत त्याला मानवेल तेवढेच वाढू या. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तंदुरुस्ती देवो. आमीन.