दुखऱ्या अवयवाचे तापमान आणि उष्णताचित्रण

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील लष्करी रुग्णालयात सायलस वियर मिचेल व त्यांचे सहकारी बंदुकीच्या गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करीत असत. १८६४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका विलक्षण व्याधीचे वर्णन आले आहे. जखम भरून येई, पण हातापायाची आग शमत नसे; कातडी तांबूस व तुकतुकीत होई, आणि रुग्ण आपला हात ओल्या फडक्याने सतत भिजवीत राही. मिचेल यांनी या वेदनेला पुढे ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिले. १९९४ पासून ही व तिच्यासारखी दुखणी ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ या एका नावाखाली आणण्यात आली. मनगटाचे हाड मोडणे, पाय मुरगळणे, एखादी लहानशी शस्त्रक्रिया, एवढेही कारण तिला पुरते. मूळ दुखापतीच्या मानाने वेदना फार मोठी असल्यामुळे आणि तिचा निर्णायक पुरावा क्ष-किरणचित्रात वा रक्ततपासणीत मिळत नसल्यामुळे, रुग्ण सोंग करीत आहे असा संशय सहज घेतला जातो. उष्णताचित्रणाकडे अशा रुग्णांचे व वैद्यांचे लक्ष वेधले जाते ते याच कारणाने.

प्रत्येक उष्ण पदार्थाप्रमाणे मानवी त्वचेतूनही अवरक्त किरण बाहेर पडत असतात. त्यांचा जोर सुमारे साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत अधिक असतो. या पट्ट्यात त्वचेची उत्सर्जनक्षमता ०.९८ च्या जवळपास असून, कातडी गोरी आहे की काळी याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. त्वचेचे तापमान एका अंशाने चढले की उत्सर्जन साधारणतः सव्वा टक्क्याने वाढते. एवढा अल्प फरक टिपून कॅमेरा त्याचे रंगांत रूपांतर करतो. तेव्हा चित्रातील लाल व निळा हे रंग सोयीसाठी दिलेले असतात. ते वेदनेचे रंग नव्हेत, हे प्रथमच ध्यानी घेतलेले बरे.

मग वेदनेचा आणि तापमानाचा संबंध कोठे येतो? त्वचेला ऊब मिळते ती मुख्यतः तिच्यातून वाहणाऱ्या रक्तामुळे, आणि त्या रक्तप्रवाहाचे नियंत्रण अनुकंपी मज्जातंतूंकडे असते. थंडी वाजली की ते लहान रोहिण्या आकुंचित करतात व बोटे गार पडतात. निरोगी माणसाच्या दोन्ही बाजूंना हे काम जवळजवळ सारख्या प्रमाणात चालते, म्हणून उजव्या व डाव्या तळहातांच्या तापमानांतील अंतर बहुधा अर्ध्या अंशाच्या आतच राहते. प्रस्तुत व्याधीत हा तोल ढळतो. आरंभीच्या महिन्यांत दुखरा अवयव पुष्कळदा अधिक उष्ण असतो, पुढे तो थंड पडतो. काही रुग्णांचा मात्र पहिल्यापासूनच थंड असतो. यास्तव एकट्या अवयवाच्या चित्राला फारसा अर्थ नाही. तुलना करावयाची ती त्याच्या जोडीदाराशी.

ही तुलना वाटते तितकी सोपी नाही. रुग्णास वाऱ्याच्या झोतापासून दूर, ठरावीक तापमानाच्या खोलीत, अवयव उघडा ठेवून पंधरावीस मिनिटे स्वस्थ बसवावे लागते. तत्पूर्वी धूम्रपान व चहाकॉफी वर्ज्य असते. जर्मनीतील कील येथील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले, की विश्रांतीच्या स्थितीत दोन बाजूंतील फरक अल्प असू शकतो. परंतु सर्व शरीर क्रमाने थंड व उष्ण करीत गेल्यास, अनुकंपी मज्जातंतूंच्या कार्याबरोबर तो बदलतो आणि एका टप्प्यावर ठळकपणे प्रकट होतो. मुंबईत मे महिन्याच्या उकाड्यात वातानुकूलनाविना घेतलेले चित्र का फसवे ठरेल, हे यावरून उमगते: दोन्ही हातांच्या रोहिण्या तेव्हा सारख्याच विस्फारलेल्या असतात.

उलट बाजूनेही सावधगिरी हवी. वेदनेपायी न वापरलेला हात, रोहिणीतील अडथळा, सांध्याचा दाह, जंतुसंसर्ग, यांपैकी कशानेही तापमानात भेद पडतो. चित्र भेद दाखविते, त्याचे कारण सांगत नाही. रोगनिदानासाठी आज वापरले जाणारे निकष बुडापेस्ट येथे २००३ साली भरलेल्या बैठकीवरून ओळखले जातात. त्यांत संवेदना, रक्तवाहिन्यांचे नियमन, घाम व सूज, आणि हालचाल व त्वचा-केस-नखांतील फेरफार असे चार गट आहेत. एका अंशाहून अधिक असलेला तापमानभेद हे दुसऱ्या गटातील एक चिन्ह होय. तपासणीच्या वेळी चारांपैकी दोन गटांत चिन्हे आढळली पाहिजेत, व रुग्णाने सांगितलेली लक्षणे निदान तीन गटांत असली पाहिजेत. याचा अर्थ असा, की ज्याचे दोन्ही हात त्या दिवशी समतापमान भरले, तोही या निकषांत बसू शकतो. तेव्हा सम चित्राच्या आधारे त्याची तक्रार खोटी ठरविणे शास्त्राला धरून नाही. भरपाईच्या वादात अशी चित्रे पुढे केली जातात तेव्हा तर खोलीचे तापमान, बसविण्याचा अवधी, चालू असलेली औषधे आणि कॅमेऱ्याचे अंशांकन यांची नोंद अहवालात आहे की नाही, हे चित्राआधी पाहावयास हवे.