पांझरेवरील बंधारा स्थिर कां राहतो ?

देवपूर व जुनें धुळें यांच्यामधून वाहणारी पांझरा आपल्या नित्य परिचयाची आहे. तिच्या कांठानें वर साक्रीकडे गेल्यास दगडी बंधारे आढळतात. त्यांनीं अडविलेलें पाणी पाटांनीं फडांत खेळविण्याची पद्धति कित्येक शतकांची जुनी आहे. पावसाळ्यांत पूर माथ्यावरून जातो, तरी बंधारा जागचा हालत नाहीं. पाहणारास वाटावें कीं, येथें कांहींच घडत नाहीं. वस्तुतः तेथें अष्टौप्रहर झोंबी चाललेली असते. तिचा हिशेब मांडणें हें स्थितिशास्त्राचें काम.

पहिली पायरी अशी कीं, कागदावर भिंत एकटीच काढावी. पाणी, जमीन, सर्व पुसून टाकावें, आणि त्यांपैकीं प्रत्येक भिंतीस कोठें व कोणीकडे ढकलतें तेवढें बाणानें दाखवावें. समजा, भिंत २ मीटर उंच व १.५ मीटर जाड आहे, पाणी एका बाजूस माथ्यापर्यंत आहे, आणि आपण तिची १ मीटर लांबीच विचारांत घेत आहों. दगडी बांधकामाचें वजन घनमीटरास सुमारें २,३०० किलोग्रॅम धरल्यास भिंतीचा भार ६,९०० किलोग्रॅम होतो. पाण्याचा दाब माथ्याशीं शून्य व तळाशीं सर्वांत अधिक. म्हणून एकूण रेटा २,००० किलोग्रॅम, आणि तो तळापासून एक-तृतीयांश उंचीवर लागतो.

आतां जमीन काय करते ? ती भिंतीस ६,९०० किलोग्रॅमनें वर तोलून धरते व घर्षणानें २,००० किलोग्रॅम मागें ओढते. परीक्षेंत पुष्कळांची गफलत होते ती येथेंच. घर्षणांक ०.६ दिला कीं ते घर्षण ४,१४० लिहून मोकळे होतात ! ४,१४० ही घर्षणाची मर्यादा झाली. प्रत्यक्षांत तें मागणीपुरतेंच असतें, रतिभर अधिक नाहीं. एरवीं भिंतच पाण्यावर चाल करून गेली असती.

सरकणें टळलें तरी उलथणें उरतेंच. पुढच्या कडेभोंवतीं भिंत फिरविण्याचा रेट्याचा जोर म्हणजे २,००० गुणिले दोन-तृतीयांश, सुमारें १,३३३ किलोग्रॅम-मीटर. तिला रोखणारा भाराचा जोर ६,९०० गुणिले ०.७५, म्हणजे ५,१७५. आतां जाडी तीच ठेवून उंची व पाणी दुप्पट करा. भार दुप्पट होतो, रेटा चौपट होतो, आणि उलथविण्याचा जोर आठपट ! १०,६६७ विरुद्ध १०,३५०, भिंत कोसळली. फडांचे बंधारे ठेंगणे असतात यांत नवल नाहीं.

एक बाण मात्र सहज विसरला जातो. पाणी सांध्यांत किंवा पायाखालीं शिरलें तर तें वरचें बांधकाम उचलूं पाहतें. फ्रान्समधील बूझे धरण रचतांना ही उचल हिशेबांत धरली नव्हती. २७ एप्रिल १८९५ रोजीं तें फुटलें व ८० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आपल्या दोन मीटरच्या भिंतीखालीं सर्वत्र पुरा दाब पोहोंचला, तर उचल ३,००० किलोग्रॅम होते. जमिनीवर उरलेला भार ३,९००, आणि घर्षणाची मर्यादा २,३४०. भिंत अजून उभी आहे, पण २,००० च्या रेट्यापुढें तिच्यापाशीं शिल्लक केवळ ३४० किलोग्रॅमची.