शृंगार कोणाचा?

माने या फ्रेंच चित्रकाराचे ‘ऑलिंपिया’ (१८६३) हे चित्र आधुनिक कलेचा आरंभ म्हणून शिकविले जाते. पलंगावर गोरी स्त्री पहुडलेली, मागे फुले घेऊन उभी असलेली काळी दासी. गोरीच्या नजरेवर समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली. काळीकडे फार काळ कोणी पाहिलेच नाही. तिच्यासाठी उभी राहिलेली बाई लॉर. तिला नाव होते, एवढेही अनेकांना ठाऊक नसते.

मिकलीन थॉमस ही कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्ती (जन्म १९७१, कॅम्डन, न्यू जर्सी). ही मागची बाई तिने पलंगावर आणली. ‘अ लिटल टेस्ट आउटसाइड ऑफ लव्ह’ (२००७) या चित्रात नक्षीदार कापडांच्या गर्दीत पहुडलेली स्त्री काळी आहे. २०१० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टसाठी तिने मानेचेच दुसरे चित्र उलटे केले. मानेकडे कपड्यांतले दोन पुरुष नि एक विवस्त्र बाई होती. इथे नटूनथटून बसलेल्या तीन काळ्या स्त्रिया आहेत, पुरुष एकही नाही. चोवीस फूट लांबीच्या त्या चित्रातून तिघीही थेट आपल्याकडे बघतात. थॉमस समलिंगी आहे आणि हे ती लपवीत नाही. तिच्या प्रणयात पुरुषी नजरेची दलाली नाही.

चित्रांवर ती चमकणारे काचेचे खडे चिकटविते. शिकत असताना महागडे तैलरंग परवडत नव्हते, म्हणून असल्या स्वस्त सामानाकडे ती वळली.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, हा नट्टापट्टा म्हणजे बाजाराचीच बेडी. शंका रास्त आहे. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले? लुगडे नेसण्याची रीत बदला, जात सांगणारे दागिने टाकून द्या. तिथे दागिने उतरविणे हा विद्रोह होता, इथे ते चढविणे. अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, ही जाणीव दोन्हीकडे एकच.

आपल्या साहित्यातील दलित स्त्री राबते, सोसते, लढते. प्रेमात पडते ती फार थोड्या पानांवर. वर्गात शिकविताना हे मला फार खटकते. थॉमसने स्वतःच्या आईला, सँड्रा बुश यांना, पुन्हा पुन्हा रंगविले. एके काळी त्या मॉडेल होत्या. २०१२ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, लेकीने त्यांच्यावर लघुपट केला. त्याचे नाव: ‘हॅपी बर्थडे टु अ ब्यूटिफुल वुमन’.