हॅनोव्हरचं बिऱ्हाड

नावाजलेला गिटारवादक निघून गेला की बहुतेक रॉक बँडांची घडी विस्कटते. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या ‘स्कॉर्पियन्स’मधून असे दोघे गेले. रुडॉल्फ शेंकरने १९६५ साली बँड उभा केला. पहिला अल्बम १९७२चा. त्यात गिटारवर त्याचा धाकटा भाऊ मायकेल, जेमतेम सतरा वर्षांचा. पुढच्याच वर्षी ‘यूएफओ’ हा ब्रिटिश बँड जर्मनीत दौऱ्यावर होता. त्यांचा गिटारवादक ऐनवेळी आला नाही, मायकेलने वेळ निभावून नेली आणि तो तिकडचाच झाला. नंतर आलेला उली रॉथ म्हणजे अमेरिकन गिटारवादक हेंड्रिक्सचा भक्त. १९७८मध्ये तोही आपल्या वाटेने गेला. मग मथियास याब्स आला आणि टिकला.

रुडॉल्फ मात्र जागचा हलला नाही. हातात बाणाच्या टोकासारखी ‘फ्लाइंग व्ही’ गिटार, काम मुख्यतः ऱ्हिदमचं. मिरवणारे सोलो बहुधा दुसऱ्याकडे. माझ्या मते बँडच्या दीर्घायुष्याचं रहस्य या वाटणीतच आहे.

खरी कसोटी लागली ती १९८१च्या सुमाराला. गायक क्लाउस माइनेचा आवाजच गेला. स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली, पुन्हा गाता येईल याची खात्री नव्हती. त्याने स्वतःहून बँड सोडायची तयारी दाखवली. इतरांनी ती मानली नाही. कच्च्या ध्वनिमुद्रणांसाठी अमेरिकन गायक डॉन डॉकेनला बोलावलं आणि माइनेची वाट पाहिली. १९८२च्या ‘ब्लॅकआउट’वर तो गायला, तेही पूर्वीपेक्षा धारदार. हा आवाज थांबून राहण्याच्या लायकीचा होताच. पण धंद्याच्या हिशेबात इतका धीर कोण धरतो?

१९८४च्या ‘रॉक यू लाइक अ हरिकेन’ने अमेरिका काबीज केली. शब्द ढोबळ आहेत, पण रिफ पहिल्या फटक्यात पकडतो.

१९८८ साली बँडचे मॉस्कोचे कार्यक्रम रद्द झाले, तेव्हा लेनिनग्राडमध्ये दहा झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोचं लुझ्निकी स्टेडियम मिळालं. त्या अनुभवातून माइनेने ‘विंड ऑफ चेंज’ लिहिलं. सुरुवातीची शीळ त्याचीच; रेकॉर्ड कंपनीला ती नको होती, बँडने ठेवली. गाणं सीआयएने लिहिल्याची वदंता २०२०मध्ये एका पॉडकास्टने जगभर नेली. माइनेने ती हसण्यावारी नेली.

२०१०मध्ये बँडची निवृत्ती जाहीर झाली आणि निरोपाचा दौरा वर्षानुवर्षं चालला. मग निरोपच रद्द! २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या घरातल्या माइनेने ‘विंड ऑफ चेंज’मधल्या मॉस्कोच्या ओळी काढल्या आणि युक्रेनचं नाव घालून ते मंचावर गायलं.