ऑप्शनची जागा आणि ऑप्शनचा अंमल

ध्वनी आणि चलच्चित्र यांवर संस्कार करणारी जी साधने आज संगणकावर रूढ आहेत, त्यांतील कित्येकांच्या पोटात एकच यंत्रणा काम करीत असते, आणि ती म्हणजे फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेली एफएफएमपेग ही होय. व्हीएलसी प्लेअर, क्रोम ब्राउझर, हँडब्रेक हे रूपांतराचे साधन, ही सारी तिच्या लायब्रऱ्यांवर थोड्याबहुत प्रमाणात विसंबून आहेत; इतकेच नव्हे, तर २०२१ साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानाचे अवतरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या व्यवस्थेतही तिची योजना होती. मात्र जो कोणी तिला मध्यस्थावाचून, टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून भेटावयास जातो, त्याच्यासमोर बटणे नसतात, मेनू नसतात, असते ती फक्त एक रिकामी ओळ. आणि त्या ओळीतून साधनाचे व फायलींचे नाव वगळले, तर उरणारा सारा मजकूर ऑप्शनचा असतो. या ऑप्शनविषयीचे काही समज जुनी कॅसेट किंवा लग्नाची व्हीएचएस टेप डिजिटल करून घेणाऱ्या हौशी माणसापासून मुरलेल्या संकलकापर्यंत सर्वत्र नांदताना दिसतात, आणि ते इतके एकमेकांना धरून आहेत की एकाची झडती घेतली म्हणजे दुसरा आपोआप उघडा पडतो. (प्रत्यक्ष ओळीत हे ऑप्शन रोमन लिपीतील लहान अक्षरांनीच लिहावयाचे असतात, येथे त्यांचे उच्चार तेवढे नागरीत दिले आहेत.)

सर्वांत मूलभूत, आणि म्हणूनच सर्वांत चिवट, समज असा की ऑप्शन ओळीत कोठेही लिहिला तरी चालतो, कारण संगणक अखेर सगळी ओळ वाचूनच कामास लागतो. युनिक्सच्या पुष्कळ जुन्या हुकुमांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरेही आहे. फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस'ला आधी 'एल' सांगा नि मग 'ए' सांगा, किंवा उलट सांगा, यादी तीच येते. एफएफएमपेगचा शिरस्ता निराळा आहे. 'वाय'सारखे सगळ्या ओळीला लागू असणारे मोजके ऑप्शन सोडले, तर तेथे प्रत्येक ऑप्शन आपल्यानंतर येणाऱ्या पहिल्या फायलीशी बांधलेला असतो: 'आय'ने दाखविलेल्या मूळ फायलीच्या आधी जे लिहिले ते त्या मूळ फायलीविषयी, आणि तिच्यानंतर पण तयार व्हावयाच्या फायलीच्या आधी जे लिहिले ते त्या नव्या फायलीविषयी. एका ओळीत दोन फायली तयार करावयाच्या असतील तर पहिलीसाठी सांगितलेले दुसरीला लागू होत नाही. तिच्याकरिता सगळे पुनश्च सांगावे लागते. 'आर २५' हा चित्रगतीचा ऑप्शन मूळ फायलीच्या आधी लिहिला, तर फायलीत नोंदलेल्या वेळा बाजूस सारून तिची चित्रे सेकंदाला २५ या गतीची आहेत असे गृहीत धरले जाते, आणि ३० च्या गतीने टिपलेले दृश्य संथ होऊन आवाजापासून फारकत घेते. तोच ऑप्शन नंतर लिहिला, तर वेग कायम राहून मधली काही चित्रे तेवढी गाळली जातात. आणि सर्वांत शेवटच्या फायलीच्या नावापुढे कोणी घाईने एखादा ऑप्शन जोडला, तर त्याला बांधून घ्यावयास फाईलच उरलेली नसते. साधन एका ओळीचा इशारा छापते आणि त्या ऑप्शनवाचूनच आपले काम बिनदिक्कत पार पाडते.

जागेच्या या कायद्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो तुकडा कापताना. समजा, कीर्तनाच्या दोन तासांच्या चित्रफितीतून साठाव्या सेकंदापासून एकशेविसाव्या सेकंदापर्यंतचा भाग हवा आहे, आणि त्यासाठी कोणी अशी ओळ लिहिली:

एफएफएमपेग -एसएस ६० -आय कीर्तन.एमपी४ -टीओ १२० तुकडा.एमपी४

वाचताना ही ओळ निर्दोष वाटते. साठापासून एकशेविसापर्यंत, याहून स्पष्ट ते काय सांगावयाचे? तथापि हाती पडणारा तुकडा एका मिनिटाचा नसून दोन मिनिटांचा असतो. याचे कारण असे की 'एसएस' मूळ फायलीच्या आधी आल्यामुळे ती फाईलच साठाव्या सेकंदापासून उघडली गेली आणि तेथून घड्याळ शून्यावर आले. 'टीओ' मात्र नव्या फायलीच्या बाजूला असल्यामुळे त्याने याच नव्या घड्याळाप्रमाणे एकशेवीस मोजले. दोष साधनाचा नाही. त्याने दोन्ही हुकुमांची अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या हद्दीत चोख केली. 'टीओ'ही 'आय'च्या आधी आणून ठेवावा, किंवा शेवट सांगण्याऐवजी 'टी ६०' अशी लांबीच मुक्रर करावी, म्हणजे मिनिट मिनिटाचेच राहते. 'एसएस' उचलून 'आय'च्या नंतर नेल्यानेही हिशेब जुळतो, परंतु त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण तेव्हा साधन फाईल पहिल्या चित्रापासून उलगडीत जाते आणि नको असलेला भाग उलगडून मग टाकून देते. तुकडा दोन तासांच्या अगदी शेवटी असेल तर ही उधळपट्टी चांगलीच जाणवते. 'आधी लिहिलेला एसएस वेगवान पण अजमासाचा, नंतर लिहिलेला संथ पण अचूक' हा जो उपदेश अद्याप एकमेकांना केला जातो, तो एके काळी योग्य होता. आता फाईल नव्याने एन्कोड होत असेल तर आधी लिहिलेला एसएसही अचूकच कापतो, आणि तो उपदेश केवळ सवयीने जिवंत आहे.

ध्वनीपुरते काम असणारे लोक सॉक्स हे आणखी जुने साधन वापरतात. ते १९९१ सालचे, आणि त्याचा जाबता पुन्हा वेगळा. तेथेही फायलीचे स्वरूप सांगणारे ऑप्शन फायलीच्या आधीच येतात, परंतु आवाजावर करावयाचे संस्कार मात्र तयार व्हावयाच्या फायलीच्या नावानंतर लिहावे लागतात, म्हणजे एफएफएमपेग जेथे दुर्लक्ष करते नेमक्या त्याच जागी. शिवाय त्याच्या 'ट्रिम ६० ९०' याचा अर्थ साठाव्या सेकंदापासून पुढे नव्वद सेकंद असा होतो; नव्वदाव्या सेकंदाला थांबावयाचे असेल तर त्या आकड्यामागे बरोबरचे चिन्ह द्यावे लागते. एका साधनाची सवय दुसऱ्यावर लादणाऱ्यांची फजिती बहुधा येथेच होते.

आता 'सी कॉपी'. हा ऑप्शन इतका सोयीचा आहे की त्याच्याविषयी भक्तिभाव उत्पन्न व्हावा यात नवल नाही: दोन तासांची फाईल एमकेव्हीतून एमपी४मध्ये काही सेकंदांत जाते आणि चित्राचा एक कणही बदलत नाही. बदलत नाही याचे कारण चित्राला कोणी हातच लावलेला नसतो. चित्राचा प्रवाह, आवाजाचा प्रवाह आणि ते ज्यात बांधले आहेत तो कंटेनर या तीन पृथक् गोष्टी असून, एमकेव्ही आणि एमपी४ ही नावे केवळ कंटेनरची आहेत. आतला प्रवाह एच.२६४ असेल तर तो दोहोंतही तोच राहतो. फायलीच्या नावातील शेवटची अक्षरे हाताने बदलून 'एमपी४ केले' असे समजणारे याही पलीकडचे. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतला जिन्नस तर नाहीच, पण डबाही बदलत नाही. कॉपी करतानाच चित्राचा आकार लहान करावा किंवा त्यावर नाव उमटवावे अशी अपेक्षा ठेवणाऱ्यास साधन स्पष्ट नकार देते, कारण जे उलगडलेलेच नाही त्यावर फिल्टर चालविणार कसा?

परंतु कॉपीविषयीचा खरा फसवा समज निराळाच आहे, तो असा की कॉपीने कापलेला तुकडा हव्या त्या क्षणापासून सुरू होतो. संकुचित चित्रफितीत प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र, ज्याला कीफ्रेम म्हणतात, साठविलेले असते, आणि मधली चित्रे केवळ शेजारच्या चित्रांहून काय बदलले एवढेच सांगतात. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरमध्ये दोन कीफ्रेममधील अंतराची मूळ मर्यादा २५० चित्रांची आहे. सेकंदाला २५ चित्रे धरली तर हे अंतर दहा सेकंदांपर्यंत जाऊ शकते. सबब कॉपीच्या मार्गाने कापताना साधनाला मागच्या कीफ्रेमपर्यंत मागे सरकावे लागते, आणि मग तुकड्याच्या आरंभी काही सेकंदांचा जादा भाग येतो, किंवा काही प्लेअरांवर आवाज चालू आणि चित्र मात्र गोठलेले असा प्रकार दिसतो. नेमका क्षण आणि अविकृत प्रत या दोन्ही गोष्टी एकाच ऑप्शनकडे मागता येत नाहीत.

गुणवत्तेच्या ऑप्शनकडे वळले म्हणजे गैरसमजांना नैतिक रंग चढतो: मोठा आकडा म्हणजे उत्तम, आणि संथ काम म्हणजे सचोटीचे काम. एक्स२६४च्या 'सीआरएफ'मध्ये आकड्यांची चाल उलटी आहे. ० म्हणजे, नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रापुरते, कोणतीही हानी नाही, ५१ म्हणजे पराकाष्ठेची हानी, आणि काहीच न सांगितल्यास २३. सुमारे ६ अंक वर गेले की बिटरेट अंदाजे निम्मा होतो. एक्स२६५मध्ये हाच न सांगितलेला आकडा २८ आहे, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्यास लावून तुलना करणे व्यर्थ होय. 'प्रीसेट'ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. 'व्हेरीस्लो' लिहिले म्हणजे चित्र अधिक सुंदर होते अशी समजूत दिसते. वस्तुतः सीआरएफ कायम ठेवला तर प्रीसेटने प्रामुख्याने बदलतो तो फायलीचा आकार, कारण अधिक वेळ घेऊन एन्कोडर जवळजवळ तीच गुणवत्ता कमी जागेत बसविण्याच्या खटपटी करतो. या मालिकेतील सर्वांत संथ प्रीसेटला खुद्द कर्त्यांनीच 'प्लेसिबो' असे नाव देऊन ठेवले आहे, आणि तरीही तो श्रद्धेने वापरणारे आढळतात. विनोद कळण्यासही थोडी वृत्ती लागते. 'सेमक्यू' नावाचा एक ऑप्शन पूर्वी होता, त्याची कहाणी तर उद्बोधक आहे. नावावरून लोकांनी त्याचा अर्थ 'गुणवत्ता तीच ठेवा' असा घेतला. प्रत्यक्षात तो एन्कोडरच्या आतील क्वांटायझर नावाच्या मापाचे आकडे तसेच्या तसे उचलीत असे, आणि मूळ व नवा कोडेक भिन्न असला की त्या आकड्यांना काही अर्थच उरत नसे. अखेर तो काढून टाकावा लागला, आणि जो कोणी तो लिहील त्याला, गुणवत्ता राखणे हे त्याचे काम कधीच नव्हते, असा खुलासा साधनाकडूनच मिळू लागला.

१२८ किलोबिटच्या एमपीथ्रीला '३२० करून' देण्याची मागणी आजही होते. पाच मिनिटांच्या गाण्याची फाईल त्यामुळे सुमारे ४.८ मेगाबाइटवरून १२ मेगाबाइटवर जाते. पहिल्या वेळी जे सूर गाळले गेले ते परत येत नाहीत, उलट दुसऱ्या एन्कोडिंगची थोडी हानी वर जमा होते. आवाज वाढविण्याचेही तसेच: 'व्हॉल्यूम=२' म्हटल्याने आंदोलनाचा विस्तार दुप्पट होतो, म्हणजे सुमारे ६ डेसिबल वाढतात, परंतु कानाला दुप्पट मोठे वाटावयास ढोबळमानाने १० डेसिबल लागतात; आणि मूळ ध्वनी आधीच शिगेला पोचलेला असेल तर ही वाढ त्याचे माथे छाटून आवाज फाटका करते. निरनिराळ्या कॅसेटींवरची भाषणे एका पातळीवर आणावयाची असतील तर युरोपीय प्रसारकांच्या आर १२८ या मानकावर आधारलेला 'लाउडनॉर्म' फिल्टर, तोही दोन फेऱ्यांत, वापरणे हेच प्रशस्त. पहिल्या फेरीत तो फक्त मोजतो, दुसरीत बदल करतो.

एका फायलीत मराठी आणि हिंदी असे दोन ध्वनिप्रवाह असतील, तर काही न सांगता दोन्ही नव्या फायलीत येतील असे धरून चालू नये. एफएफएमपेग सामान्यतः प्रत्येक जातीचा एकच प्रवाह निवडते. सगळे हवे असतील तर 'मॅप ०' असे स्पष्ट सांगावे लागते.

शेवटी, आहे त्याच फायलीत दुरुस्ती करता येते हा समज. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या फायलीचे नाव एकच दिले तर साधन काम सुरू करण्याचेच नाकारते. मात्र नाव दुसऱ्याच एखाद्या जुन्या फायलीचे असेल, तर ते आधी परवानगी विचारते, आणि 'वाय' लिहून ठेवणाऱ्याने ती परवानगी आगाऊच दिलेली असते. म्हणून काम सुरू होताच पडद्यावर 'स्ट्रीम मॅपिंग' या मथळ्याखाली येणाऱ्या दोन-चार ओळी वाचण्याची सवय असावी: कोणता प्रवाह कोठे चालला आहे, आणि तो कॉपी होतो आहे की नव्याने एन्कोड होतो आहे, हे तेथे लिहिलेले असते. अपेक्षित ओळ दिसली नाही तर खिडकी बंद करू नये. 'क्यू' ही कळ दाबावी, म्हणजे साधन तोवर लिहिलेला भाग रीतसर बंद करून थांबते. खिडकी तोडून काम थांबविले, तर एमपी४ची सूची सहसा शेवटी लिहिली जात असल्यामुळे अर्धवट फाईल उघडतच नाही.