दोष मॉनिटरचा नाही, निरोपाचा

संगणकावरची चित्रं फुगलेली आणि अक्षरं धूसर दिसू लागली, की पहिला संशय मॉनिटरवर जातो. बहुधा तो निर्दोष असतो. तुटलेला असतो त्याचा संगणकाशी असलेला संवाद. फुल एचडी पडद्यावर 1920 × 1080, म्हणजे सुमारे 20.7 लाख ठिपके कायमचे बसवलेले असतात. हे माप मॉनिटर ‘ईडीआयडी’ नावाच्या नोंदीतून संगणकाला कळवतो. ती पोचली नाही, तर संगणक अनेकदा 1024 × 768 सारखं सुरक्षित माप धरतो आणि जेमतेम 7.9 लाख ठिपक्यांचं चित्र पडदाभर ताणलं जातं. जुन्या व्हीजीए केबलमध्ये 12 आणि 15 क्रमांकाच्या पिना हा निरोप वाहतात. त्यातली एक वाकली, तर चित्र येतं, निरोप येत नाही. म्हणून आधी केबल काढून नीट बसवावी. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसलं, तर ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर चालू नाही असं समजून तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

कोणी म्हणेल, कमी रिझोल्यूशनवर अक्षरं मोठी दिसतात, मग बिघडलं काय? गरज रास्त आहे, उपाय चुकीचा. ताणलेल्या चित्रात ‘क्ष’ची गाठ आणि अनुस्वाराचं टिंब आधी पुसट होतं. रिझोल्यूशन मूळचंच ठेवून डिस्प्ले सेटिंगमधला स्केल 125 टक्के केला, तर अक्षर मोठंही होतं आणि रेखीवही राहतं. तेव्हा नवा मॉनिटर घेण्याआधी केबल, ड्रायव्हर आणि स्केल एवढं तपासाच.